झोपाळ्यावरच डोळा का लागतो?

प्रश्न : वय ६४. रात्री पलंगावर तळमळते, दुपारी ओटीवरच्या झोपाळ्यावर मात्र लगेच डुलकी लागते. सून म्हणते, मनाचे खेळ! – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, सूनबाईंना सांगा, मनाचे नव्हे, कानाचे खेळ. आतल्या कानात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. संथ हेलकावा त्याला कळतो आणि मेंदूतल्या झोपेच्या लहरी त्या लयीशी जुळतात. जिनिव्हातल्या संशोधकांनी १८ तरुणांना रात्रभर हलत्या पलंगावर झोपवलं. (काय थाट!) झोप लवकर लागली, गाढ झोपही वाढली. निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. वेग साधारण चार सेकंदांना एक झोका. जोरात झोके घेऊन उपयोग नाही. पण दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटपा. रात्रीची तळमळ बहुधा तिच्यामुळेच असावी. आणि कड्यांना तेल घाला.