ते रेकॉर्डिंग आधी त्यांच्या मुलीला द्या

ताई, नमस्कार.
नोकरीनिमित्त अमेरिकेत आलो तेव्हापासून मी इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातल्या एका गिटारवादकाच्या मैफली ऐकत आलोय. फार मोठं नाव नव्हे, छोट्या क्लबांतून वाजवायचे. पण आम्हा शे-दीडशे चाहत्यांना त्यांचं वेड होतं. गेल्या महिन्यात ते गेले. वय झालं होतं, बोटांना संधिवात होता. त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला मी हजर होतो. दारावर ‘रेकॉर्डिंगला मनाई’ अशी पाटी असूनही खिशातला रेकॉर्डर चालू ठेवला होता. एका संथ ब्लूजमध्ये त्यांचा सूर तीनदा घसरतो. तिसऱ्यांदा ते थांबतात, माइकवर हसून म्हणतात, “आज बोटांनी संप पुकारलाय,” आणि उरलेलं गाणं गिटार न वाजवता नुसतं गातात. एरवी त्यांची गिटार जिथे उत्तर द्यायची तिथे आता फक्त बेस आणि ड्रम आहेत. पुढच्या टेबलांवरचे काही जण त्यांचीच जुनी सुरावट गुणगुणताना ऐकू येतात.
आम्ही चाहते त्यांच्या आठवणींची एक संध्याकाळ करतोय. बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून रेकॉर्डिंगचा विषय निघाला आणि आता सगळे मागे लागलेत, की ते तिथे लाव, मग इंटरनेटवर टाक. एक जुना मित्र तर म्हणाला, “तुला ते एकट्यालाच हवंय.” बायको म्हणते, चोरून केलेलं आहे, पुसून टाक. त्यांच्या मुलीला यातलं काहीच माहीत नाही. मी मात्र रोज रात्री ते ऐकतो. काय करू?
– रेकॉर्डरवाला

नमस्कार रेकॉर्डरवाले,

तुमच्या गिटारवादकाचं नाव मी पत्रातून काढलंय. शे-दीडशे माणसांच्या गोतावळ्यात ते छापलं असतं तर पत्र कोणाचं हे सगळ्यांना लगेच कळलं असतं.

उत्तर आधीच सांगून टाकते. पुसू नका. लावूही नका. पहिली प्रत त्यांच्या मुलीकडे जाऊ दे, पुढचं तिला ठरवू दे.

तुमचे मित्र म्हणत असणार की हा ठेवा आहे, जगापुढे यायला हवा. त्यांना एकदम झिडकारू नका. ब्लूजच्या बाबतीत चाहत्यांच्या हव्यासानं खरंच मोठी कामं केली आहेत. मिसिसिपी जॉन हर्ट या ब्लूज गायक-गिटारवादकानं 1928 साली काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत आणि ते परत शेतीकडे वळले. पस्तीस वर्षांनी, 1963 मध्ये, त्या जुन्या तबकड्या कान देऊन ऐकणाऱ्या एका तरुणानं गाण्यात आलेलं गावाचं नाव पकडलं, ते नकाशात शोधलं आणि थेट अ‍ॅव्हलॉनला जाऊन हर्ट यांचं दार ठोठावलं. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते हजारो लोकांसमोर वाजवत होते. 1966 मध्ये ते गेले, पण अखेरची तीन वर्षं त्यांना त्यांचे श्रोते मिळाले, ते कोणीतरी जुन्या तबकड्या जपून ठेवल्या म्हणूनच. म्हणून तुमच्या पत्नीचं पुसून टाकण्याचं मला पटत नाही. पुसलेलं परत येत नाही.

मात्र हर्ट यांच्या तबकड्या आणि तुमच्या खिशातला रेकॉर्डर यांत एक फरक आहे. हर्ट यांना माहीत होतं की आपण रेकॉर्ड होतोय. तुमच्या गिटारवादकाला माहीत नव्हतं, आणि नको असल्याचं दारावर लिहिलेलंही होतं. हे अमेरिकेत घडलंय म्हणून सांगते: तिथे 1994 पासून कलाकाराच्या संमतीशिवाय मैफल रेकॉर्ड करणं आणि ती लोकांत वाटणं हा कायद्यानंच त्याच्या हक्काचा भंग ठरतो. तुमच्यावर कोणी खटला भरेल अशी भीती मी घालत नाही. उद्या कोणी “अरे, टाक ना, काय होतंय?” म्हणालं तर उत्तर हाताशी असावं, एवढंच.

आता त्या घसरलेल्या सुराकडे येऊ, कारण खरी अडचण तीच आहे. हे रेकॉर्डिंग उत्तम वठलेलं असतं तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. ब्लूजची गिटार ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तो रडवेला, वर चढत जाणारा सूर पट्टीवर तयार मिळत नाही. तार बोटानं आडवी ढकलून ती ताणायची आणि खालच्या सुरावरून वरच्या सुरावर जायचं. बहुतेक वेळा जोर अनामिकेवर असतो, मागून मधलं बोट आणि तर्जनी तिला टेकू देतात, मनगट वळतं. एवढं सगळं जुळून आलं तर सूर नेमका पोहोचतो. सांधे सुजलेले असतील तर तार ढकलली जाते पण पुरेशी जात नाही, आणि सूर अलीकडेच लटकून राहतो. पियानोवाल्याच्या हाताला वेदना झाल्या तरी पट्टी दाबली की सूर तोच निघतो. गिटारवाल्याचं दुखणं सुरातच ऐकू येतं. तुम्ही रोज रात्री जे ऐकता ते हे आहे.

2014 च्या एप्रिलमध्ये नामवंत ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांचा सेंट लुईसला कार्यक्रम झाला. वय 88, मधुमेह जुना. त्या रात्री ते बोलले जास्त आणि वाजवलं कमी. श्रोत्यांतले काही जण ओरडले, काही उठून निघून गेले, वर्तमानपत्रांतही त्याबद्दल छापून आलं. पुढच्या वर्षी 14 मे रोजी ते गेले, तेव्हा मेम्फिसच्या बील स्ट्रीटवर लोक दुतर्फा उभे राहिले आणि तिथून त्यांना मिसिसिपीतल्या इंडियानोलाला दफनासाठी नेलं. सेंट लुईसची ती रात्र त्यांना चिकटली नाही, कारण तिच्या विरुद्ध पारड्यात साठ-पासष्ट वर्षांचं काम होतं. तुमच्या गिटारवादकाच्या पारड्यात काय आहे? दोन-चार रेकॉर्ड आणि तुम्हा लोकांच्या आठवणी. उद्या कोणी अनोळखी माणसानं त्यांचं नाव शोधलं आणि सगळ्यात वर ती घसरलेली बोटंच आली, तर त्याच्यासाठी ते तेवढेच उरतील. अर्ध्या मिनिटाचा तो तुकडा कोणीतरी कापून वेगळा टाकणारच. तो तुमच्यासारखाच प्रेमानं टाकेल, पण बघणाऱ्यांचं प्रेम कुठून आणणार?

तुम्ही म्हणाल, त्यांना स्वतःला त्याची लाज नव्हती, ते तर हसले. खरंय, आणि मला ते फार आवडलं. पण ते समोर बसलेल्या माणसांशी हसले. ती माणसं त्यांच्या ओळखीची होती, त्यांचे चांगले दिवस पाहिलेली होती. हेच ते साऱ्या जगापुढे हसून म्हणाले असते का, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही. मुलगी अंदाज करू शकते. शेवटी शेवटी शर्टाची बटणं त्यांची ते लावत होते की कोणी लावून देत होतं, हे तिनं पाहिलेलं आहे.

तिला पत्र लिहा. फोन नको, फोनवर माणूस भिडेपोटी हो म्हणून जातो. पहिल्याच पत्रात परवानगीही मागू नका. लिहा की तुमच्या वडिलांचा शेवटचा कार्यक्रम मी ऐकला, मनाई असताना रेकॉर्ड केला, त्याबद्दल माफी मागतो, ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे आणि त्याची प्रत तुम्हाला हवी असेल तेव्हा मिळेल. सूर कुठे घसरतो आणि ते काय बोलतात हेही लिहा, म्हणजे ती एकटी बसून ऐकायला लागेल तेव्हा अचानक धक्का बसणार नाही. बस. चाहत्यांच्या संध्याकाळीचा उल्लेख नको, तारीख नको, “लवकर कळवा” तर मुळीच नको. बाप जाऊन महिना झालेल्या पोरीला आपल्या कार्यक्रमाच्या घाईत ओढू नये. ती कदाचित उद्या उत्तर देईल, कदाचित वर्षानं. ‘नको, बंद ठेवा’ म्हणाली तर बंद. सर्वांसाठी खुलं करा म्हणाली तर माझा एवढा सगळा युक्तिवाद केराच्या टोपलीत टाका आणि आनंदानं खुलं करा.

तुमच्या मित्राचं वाक्य तुम्हाला झोंबलंय, कारण त्यात थोडं तथ्य आहे. चाहत्यांमध्ये माणूस गेल्यावर एक विचित्र चढाओढ लागते. कोणी पहिल्या कार्यक्रमाला होतं, कोणाशी ते बोलले होते, कोणाकडे त्यांनी टाकून दिलेलं पिक, म्हणजे तार छेडायची चकती, आहे. तुमच्याकडे सगळ्यांवर मात करणारी वस्तू आहे आणि ती ओघात तोंडून निघाली असं तुम्ही म्हणता. निघाली असेल. पण आपल्याकडे ती आहे हे चारचौघांत कळल्यावर थोडं बरंही वाटलं ना? वाटू दे, त्यात पाप नाही. मित्राला सरळ सांगा की ही माझी मालमत्ता नाही, म्हणूनच ती मी तुलाही देऊ शकत नाही. रागावेल. चाहत्यांची भांडणं मिटतात, नवीन विषय मिळाला की.

पत्नीला मात्र एक सवलत द्या. रोज रात्री ऐकणं थांबवा. तेच तेच घसरणारे तीन सूर ऐकून तुमच्या मनात त्यांचं बाकीचं वादन पुसट होत चाललं असणार. त्यांच्या भरातल्या रेकॉर्ड काढा, दिवसा ऐका, मोठ्यानं ऐका.

आणि संध्याकाळ? ती ठरलेल्या दिवशीच होऊ दे. तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात, ती मी परत परत वाचली. गिटारच्या जागी पुढच्या टेबलांवरचे लोक गुणगुणत होते, ही. बारा मात्रांच्या नव्हे, बारा बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) या गाण्यात गायक साधारण दोन बार गातो आणि पुढचे दोन बार गिटारला सोडतो. त्या रात्री त्या जागा मोकळ्या राहिल्या आणि ऐकणाऱ्यांनी त्या भरल्या. जुन्या पिढीतले ब्लूज गायक-गिटारवादक सन हाउस यांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. 1964 मध्ये चाहत्यांनी त्यांना रॉचेस्टरमध्ये शोधून काढलं, तेव्हा त्यांनी कित्येक वर्षं गिटारला हात लावला नव्हता आणि आपलीच गाणी ते विसरले होते. अ‍ॅलन विल्सन नावाचा विशीतला मुलगा त्यांच्यासमोर बसला आणि जुन्या तबकड्यांवरून उचललेलं त्यांचंच वादन त्यानं त्यांना परत शिकवलं. पुढच्या वर्षी सन हाउस पुन्हा स्टुडिओत होते.

तुमच्या पुढच्या टेबलांवरच्या लोकांनीही त्या रात्री हेच केलं, त्यांचं त्यांना परत दिलं. ते कोण होते ते आठवा, त्या संध्याकाळी त्यांना बोलवा. तुम्ही उभे राहा आणि जे पाहिलंत ते तोंडी सांगा: कुठलं गाणं होतं, ते कुठे थांबले, काय बोलले, आधी कोण गुणगुणायला लागलं. सूर घसरला हेही सांगा, लपवू नका. तोंडी सांगण्याला मुलीची परवानगी लागत नाही आणि त्याचा तुकडा कापून कोणी फिरवू शकत नाही. मग त्यांची एखादी जुनी रेकॉर्ड लावा. जमलेल्यांत कोणी ना कोणी गिटार वाजवणारा असेलच, नाहीतर ब्लूजचे चाहते कसले! त्यानं तेच संथ गाणं घ्यावं, गिटारच्या जागा मोकळ्या सोडाव्यात, आणि लोकांनी त्या भराव्यात.

अजून एक काम आहे आणि ते संध्याकाळीच्या आधी करा. त्या रेकॉर्डिंगवर बेस आणि ड्रम वाजवणारेही आहेत, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांचा उल्लेख फक्त वाद्यांच्या नावानं आलाय. गिटार थांबल्यावर गाणं कोसळू न देणारे ते दोघं होते. त्यांना गाठा. पाटी असताना रेकॉर्ड केलं हे त्यांनाही सांगा, कारण वादन त्यांचंही आहे आणि हक्कही. त्या रात्री मंचावर नेमकं काय झालं हे तुमच्या रेकॉर्डरपेक्षा त्यांना जास्त माहीत असणार, आणि आतापर्यंत त्यांना ते बहुधा कोणी विचारलेलंही नसेल.

तुमची,
ताई