इस्टेट सेलमध्ये खरंच स्वस्त मिळतं, की चांगलं ते सगळं डीलर आधीच उचलतात?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला येऊन तीन महिने झाले, घर अजून रिकामं आहे, जेवायचं टेबलसुद्धा नाही आणि दोनदा पहाटे रांगेत उभं राहूनही इस्टेट सेलमधून हात हलवत परत आलात. आत शिरेपर्यंत चांदी आणि घड्याळं गेलेली, उरलेल्या सोफ्याचा भाव दुकानातल्यासारखाच. म्हणून विचारताय, कंपन्या चालवतात त्या सेलमध्ये आपल्यासारख्याला काही मिळतं का.

मिळतं. मी चौदा वर्षं ओहायोत आहे आणि आमच्या घरातलं निम्मं सामान अशा सेलमधूनच आलंय. पण कंपनीने ज्या वस्तूचा भाव शोधून, पडताळून लावलाय तिथे स्वस्ताईच्या मागे लागू नका. त्या वस्तूबद्दल तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. जिथे बघायला तिला वेळच मिळालेला नाही, तिथे शोधा.

इथे नवीन असलेल्यांसाठी इस्टेट सेल म्हणजे काय ते थोडं सांगते. घरातलं म्हातारं माणूस गेलं, किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं, की मुलं दुसऱ्या राज्यांतून येतात, आपल्याला हवं ते उचलतात आणि बाकी घर कंपनीच्या ताब्यात देतात. कंपनीची चार-पाच माणसं काही दिवस येऊन सगळं मांडतात, चिठ्ठ्या लावतात, फोटो काढून जाहिरात टाकतात आणि दोन-तीन दिवस घराचं दार उघडं ठेवतात. विक्रीतला साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा हिस्सा कंपनीचा. म्हणजे पहिल्या दिवशी तिला भाव राखायचा असतो, कारण तिचाही वाटा त्यातच आहे. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिला घर रिकामं करून किल्ल्या परत द्यायच्या असतात. या दोन टोकांमध्ये तुमची संधी आहे.

पहिल्या दिवशी दागिने, शिक्क्याची चांदी, घड्याळं, सही असलेली चित्रं, पन्नास-साठच्या दशकातलं नावाजलेलं फर्निचर यांचा भाव इंटरनेटवर आधी काय मिळाला ते बघूनच लावलेला असतो. तरीही त्यात थोडं अंतर सुटतं आणि ते डीलर पहिल्या अर्ध्या तासात घेतात. त्यांच्याशी पळत सुटण्यात अर्थ नाही, तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. एक मात्र तुमच्या बाजूने आहे. शंभर डॉलरची वस्तू डीलरला पन्नासला मिळाली तरच परवडते, कारण त्याला ती पुढे विकायची असते. तुम्हाला वापरायची आहे, तुम्हाला सत्तरही परवडतात. त्यामुळे डीलरने हातात घेऊन खाली ठेवलेली वस्तू बघायला कधी लाजू नका.

तरी एखाद्या वस्तूसाठी पहिल्याच दिवशी जायचं असेल, तर जाहिरातीतली नियमांची ओळ आधी वाचा. काही कंपन्या दार उघडायच्या तासभर आधी नंबर वाटतात. काही ठिकाणी दाराला लावलेल्या कागदावर लोकांनी आपापली नावं लिहिलेली असतात आणि कंपनी तो कागद मानते. काही अजिबात मानत नाहीत. हे न वाचता पहाटे पाचला जाऊन उभं राहिलं तर थंडीत कुडकुडणं तेवढं पदरात पडतं.

आता जिथे खरा माल असतो तिथे जाऊ. सगळे दिवाणखान्याकडे आणि बेडरूमकडे वळतात, तेव्हा तुम्ही तळघराचा जिना उतरा. नाहीतर गॅरेज. स्वयंपाकघरात गेलात तर मांडलेल्या टेबलाकडे न बघता खालची कपाटं आणि चुलीखालचा खण उघडा. चार हजार वस्तूंच्या घरात प्रत्येक उलथन्याचा भाव कोण शोधणार? तिथे सरसकट दोन डॉलर, पाच डॉलर अशा चिठ्ठ्या असतात, किंवा ‘विचारा’ एवढंच लिहिलेलं असतं.

माझा आवडता माल म्हणजे बिडाची भांडी. ग्रिसवोल्ड (पेनसिल्व्हेनियातलं ईरी) आणि वॅगनर (आपल्याच ओहायोतलं सिडनी) या दोन जुन्या नावांचे तवे प्रसिद्ध आहेत. त्यांचा आतला पृष्ठभाग घासून काचेसारखा गुळगुळीत केलेला. आजच्या नव्या तव्यांसारखा खडबडीत नाही, म्हणून घावन आणि आंबोळी अशी सुटते की बघत राहावं. नाव ठळक दिसत असेल तर कंपनीने भाव लावलेलाच असतो. पण त्याच काळातले, मागे काहीच नाव नसलेले तवेही तितकेच गुळगुळीत असतात आणि ते तळघरात रंगाच्या डब्यांशेजारी गंजत पडलेले मिळतात. माझा रोजचा तवा असाच सहा डॉलरना आणला.

घेताना आपल्याकडे माठ वाजवून घेतात ना, तसंच करायचं. एका बोटावर कडीने लटकवा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने टिचकी मारा. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं. बद्द आवाज आला की कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. मग सपाट फरशीवर ठेवून दाबून बघा. डुगडुगला तर काचेच्या शेगडीवर उपयोगाचा नाही, गॅसवर एकवेळ चालेल. गंजाला घाबरू नका, तो निघतो. पण एक खबरदारी घ्याच. इथे मासेमारीची वजनं आणि बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी लोक जुन्या बिडाच्या भांड्यांत शिसं वितळवत असत. गॅरेजमधल्या हत्यारांच्या ढिगात सापडलेलं भांडं आणि आतून राखाडी चकाकी दिसली तर खाण्यासाठी वापरू नका. हार्डवेअरच्या दुकानात शिसं तपासायच्या कांड्या मिळतात, शंका असेल तेव्हा त्या वापरा.

दुसरा माल किचनएडचा जुना मिक्सर, म्हणजे केकचं पीठ फेटायचा, आपला वाटणाचा नव्हे. १९८६ मध्ये व्हर्लपूलने हे नाव घेतलं, त्याआधीचे मिक्सर होबार्ट कंपनीचे, तीही ओहायोतलीच, ट्रॉय गावची. मिक्सरवर होबार्ट लिहिलेलं दिसलं तर थांबा. वजन हातात घेतलं की कळतं. तिथेच प्लग लावून दोन मिनिटं चालवा. घरघर एकसारखी हवी, मध्येच खरखर नको, आणि डोक्याखाली तेलकट ओघळ आहे का ते बोट फिरवून बघा. ओघळ असेल तर आतलं ग्रीस बदलावं लागेल, भाव त्या मानाने पाडून मागा. पुढच्या तोंडाला आजचीही जोडभांडी बसतात. मी खिमा करायचं जोडभांडं त्याला लावून होळीचं पुरण वाटते, पंधरा जणांचं पुरण अर्ध्या तासात होतं.

शिलाई मशीनच्या बाबतीत मी एकदा फसले, ते सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. सिंगरचं २२१, ज्याला इथे फेदरवेट म्हणतात, १९३३ साली आलं. अॅल्युमिनियमचं, जेमतेम पाच किलो, पेटीत घालून हातात धरून नेता येतं. आईच्या लोखंडी सिंगरवर शिवायला शिकलेली मी, काळ्या रंगावरची ती सोनेरी वेलबुट्टी बघून हरखले आणि पेटी बंद करून पैसे देऊन मोकळी झाले. घरी येऊन खालचं झाकण उघडलं तर बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, नव्हती. या मशीनला ठरावीक बॉबिन केसच लागते, कुठलीही चालत नाही, आणि ती वेगळी विकत घ्यायला गेलं की स्वस्तात मिळालेलं मशीन स्वस्त राहत नाही. तेव्हा खाली वाकून बॉबिन केस आहे का बघा, चाक हाताने फिरवून सुई वरखाली होते का बघा, आणि पेटीचा वास घ्या. तळघरातला कुबट वास वर्षभर जात नाही.

उलट, जिथे ‘कलेक्टिबल’ (संग्रहात ठेवण्याजोगं) लिहिलंय तिथे खिसा सांभाळा. तुमच्याजवळच नेवार्कला टोपलीच्या आकाराची सात मजली इमारत आहे. लाँगाबर्गर कंपनीने १९९७ मध्ये आपलं मुख्य कार्यालय म्हणून ती बांधली. त्यांच्या हाताने विणलेल्या टोपल्या एकेकाळी बायका घरोघरी जमून भराभरा घ्यायच्या आणि पुढे भाव वाढेल म्हणून कागदात गुंडाळून ठेवायच्या. कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. आता मध्य ओहायोतल्या प्रत्येक दुसऱ्या सेलमध्ये त्या टोपल्यांची रांग असते आणि शेवटच्या दिवशी दहा डॉलरनाही कोणी उचलत नाही. टोपली म्हणून उत्तम आहेत, आमचे कांदे-बटाटे त्यातच असतात. पण गुंतवणूक म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. चिनी मातीच्या बारा जणांच्या सेटचं आणि काचेच्या मोठ्या कपाटांचंही तेच. आजच्या पिढीला ती नको आहेत, म्हणून वापरायला हवी असतील तर रविवारपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत, खुशाल थांबा.

चांदीबद्दल दोनच गोष्टी. ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ असेल ती चांदी, ‘ईपीएनएस’ म्हणजे वर नुसता मुलामा. आणि मेणबत्तीच्या स्टँडवर ‘वेटेड’ लिहिलेलं असलं की आत सिमेंट किंवा डांबरासारखं काहीतरी भरलेलं असतं, वर पातळ पत्रा. वजनावरून भाव करू नका.

लहान मूल आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे ठासून सांगते. पाळणा जुना घेऊ नका. बाजू खाली सरकणारे पाळणे इथे २०११ पासून विकायलाच बंदी आहे, तरी एखाद्या माळ्यावरून निघतात. लेन कंपनीच्या देवदारी लाकडाच्या पेट्या दिसायला फार सुंदर असतात, पण १९१२ ते १९८७ मधल्या पेट्यांना झाकण पडताच आपोआप लागणारं कुलूप होतं. आत लपलेली मुलं गुदमरून गेली, म्हणून कंपनीने १९९६ मध्ये ती कुलूपं बदलून द्यायला सुरुवात केली. पेटी आवडली तर घ्या, पण घरात आणायच्या आधी ते कुलूप स्क्रू काढून फेकून द्या. गाद्या आणि कापडी सोफे मी कधीच घेत नाही, ढेकणांचा भरवसा नाही.

भाव करायची रीत इथली वेगळी आहे. तुळशीबागेतल्यासारखं निम्म्यावरून सुरू केलंत तर पहिल्या दिवशी तोंडावर नाही म्हणतील, आणि पुढच्या सेलला तुम्हाला ओळखतीलही, कारण एका शहरात त्याच पाच-सात कंपन्या फिरत असतात. पहिल्या दिवशी चार-पाच वस्तू एकत्र करून टेबलावर ठेवा आणि ‘या सगळ्यांचे मिळून काय द्याल?’ असं विचारा. गल्ल्यावरच्या मुलीला नाही, सेल चालवणाऱ्या बाईला विचारा. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी पाव भाव आणि शेवटच्या दिवशी निम्मा भाव उतरतो. रविवारी दुपारी दोननंतर त्या बाईला सामान ट्रकमध्ये भरून दान करायला पाठवायची चिंता असते, तेव्हा तुम्ही पाच डॉलर म्हटलंत तरी ती मान डोलावते. रोख सुट्टे ठेवा, काही कंपन्या कार्डाला वर पैसे लावतात.

एकदा अशाच रविवारी मी लेकीच्या वाढदिवसासाठी केक भाजायचं पायरेक्सचं मोठं भांडं दोन डॉलरना घेतलं. उलटं केलं तर तळाला पिवळी पडलेली चिकटपट्टी आणि त्यावर निळ्या पेनने घरमालकिणीचं आडनाव. चर्चमध्ये सगळ्याजणी घरून पदार्थ करून न्यायच्या, भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून ही पट्टी. आमच्या आजीच्या पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं ते याचसाठी, लग्नकार्यात भांडी शेजारी जायची. तेव्हापासून मी त्या घरांत हळू बोलते. शेजारच्या खोलीत कधी कधी त्या बाईची मुलगी उभी असते. (चिकटपट्टी खोबरेल तेल चोपडून तासभर ठेवलं की सहज निघते, चाकूने खरवडू नका.)

आता तुमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल. लाकडी फर्निचर तुम्हाला नक्की मिळेल. बाजूच्या कपाटाचा खण पूर्ण बाहेर काढा आणि कोपरा बघा. लाकडाचे दात एकमेकांत गुंतवलेले असतील तर ते पुढची पन्नास वर्षं टिकेल, तारेच्या पिना मारलेल्या असतील तर सोडून द्या. मोजपट्टी, टॉर्च आणि दोन जुन्या चादरी गाडीत असू द्या, उचलायला कोणी मदत करत नाही. भाव जास्त वाटला तर परत फिरू नका, ‘बिड’, म्हणजे आपण किती देऊ ती रक्कम लिहून, ठेवता येते का ते विचारा. बऱ्याच कंपन्या मोठ्या वस्तूंसाठी चिठ्ठी घेतात: वस्तू, तुमची रक्कम, नाव, फोन. आमचं ओकचं टेबल साडेतीनशेचं होतं, मी शुक्रवारी एकशे तीसची चिठ्ठी टाकून आले आणि रविवारी दुपारी फोन आला. आकडे स्वच्छ लिहा आणि रविवारी दुपारी अनोळखी नंबरचा फोन आला तरी उचला. ते एकदाच लावतात, उचलला नाही तर पुढच्या चिठ्ठीला लावतात.