आत्मकरुणेची मापनी: 12 विधानं घ्यावीत की 26?

प्रश्न असा होता: पदवीच्या विद्यार्थ्यांमध्ये आत्मकरुणा (अडचणीत स्वतःशी मायेनं वागणं) आणि नैराश्य यांचा संबंध तपासायचाय, 12 विधानांची छोटी मापनी आणि एकूण गुण एवढ्यावर भागेल का?

भागेल, पण हाती फारसं काही लागणार नाही. 2011 च्या छोट्या आवृत्तीचे एकूण गुण क्रिस्टिन नेफ यांच्या 2003 च्या 26 विधानांच्या मापनीशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. मात्र तिच्यात प्रत्येक उपमापनीला (एकेक पैलू मोजणाऱ्या भागाला) दोनच विधानं, त्यामुळे उपमापन्यांचे वेगळे गुण भरवशाचे नसतात. आणि तुमच्या विषयात खरी गंमत तिथेच आहे.

सहापैकी तीन उपमापन्या अनुकूल बाजूच्या: स्वतःशी ममता, 'हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं' ही जाणीव आणि सजगता. उरलेल्या तीन म्हणजे स्वतःला दोष देणं, एकटं पडणं, भावनेत वाहून जाणं. नैराश्याशी जास्त घट्ट संबंध या दुसऱ्या तिघींचा दिसतो. म्यूरिस आणि पेट्रोकी या संशोधकांनी 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हेच दाखवलं. मग एकूण गुणांचा नैराश्याशी ऋण सहसंबंध (एक वाढलं की दुसरं कमी) ममतेमुळे आला की आत्मदोष कमी असल्यामुळे, हे सांगता येत नाही. नेफ एकूण गुणांची बाजू घेतात. वाद मिटलेला नाही. एकूण गुणांचे आणि उपमापन्यांचे, दोन्ही आकडे द्या.

नैराश्य मोजायला पीएचक्यू-9 ही नऊ विधानांची प्रश्नावली वापरणार असाल तर तिचं सहावं विधान बघा: आपण अपयशी आहोत, स्वतःबद्दल वाईट वाटतं. हा जवळपास आत्मदोषच झाला. ते वगळून सहसंबंध पुन्हा काढा, किती उतरतो ते कळेल.

गुणांकनात हमखास चूक होते ती उलट गुणांची. मोठ्या मापनीत प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण असतात; प्रतिकूल 13 विधानांना 6 वजा मूळ गुण (4 चे 2), आणि तेही एकदाच. फॉर्ममध्ये आधीच उलटवलेले गुण पुन्हा उलटवले जातात. पडताळा सोपा: उलटवल्यावर ममता आणि आत्मदोष यांचा सहसंबंध धन यायला हवा. एकूण गुण म्हणजे सहा सरासरींची सरासरी. दोन उपमापन्यांत पाच विधानं, बाकीच्यांत चार, म्हणून सरळ बेरीज नको.

भाषांतरात 'आत्मपरीक्षण' हा शब्द टाळा. मराठीत तो गुण मानतात, मुलं अभिमानानं 5 देतील.

एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून 'आत्मकरुणेमुळे नैराश्य कमी होतं' असं लिहू नका. नैराश्यातला विद्यार्थीही स्वतःला जास्त बोल लावतो.

आणि पीएचक्यूचं नववं विधान स्वतःला इजा करण्याच्या विचारांचं आहे. त्यावर 0 सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी कोण बघणार, हे वाटपाआधी ठरवा. नावं घेणार नसाल तर मदतीचा क्रमांक फॉर्मवरच छापा.