हेडरेस्ट दाबून बसवला, पण लिहून कोण देणार?

प्रश्न : सिग्नलला थांबले असताना मागच्या गाडीने हलकीच धडक दिली. बंपरला चीर गेली, बाकी गाडी धड आहे. पण त्या क्षणी पुढच्या दोन्ही सीटचे हेडरेस्ट खाडकन पुढे आले आणि मधोमध उघडले. शेजारी आई बसली होती. ओळखीच्या मेकॅनिकने डावा हेडरेस्ट दाबून बसवला, उजवा काही केल्या बसत नाही. सर्व्हिस सेंटर म्हणते, दोन्ही बदला. शिवाय बाहेरच्या माणसाने हात लावल्याने आमची जबाबदारी नाही. इन्शुरन्स कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) बंपर मंजूर केला आणि हेडरेस्ट कापले. कारण दिले, ‘अपघाताशी संबंध नाही, यांत्रिक बिघाड’. आता इन्शुरन्स कंपनी ‘फुल अँड फायनल’ व्हाउचरवर सही मागते आहे. गाडी साडेचार वर्षांची, आजवर एकही क्लेम नाही. पुढच्या वर्षी ती विकायची आहे. कागदांचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : त्या व्हाउचरवर सही करू नका. बंपरचे पैसे हातात पडतील, पण हेडरेस्टचा विषय तुम्हीच सहीने मिटवलात, असे कंपनी उद्या म्हणेल. दबावाखाली किंवा फसवून सही घेतली असेल तर व्हाउचरमुळे दाद मागायचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या निकालात सांगितले आहे. मात्र तो दबाव सिद्ध करायचे काम तुमच्या गळ्यात पडते. कंपनीला आजच ईमेल करा : ‘बंपरची मान्य रक्कम द्यावी. हेडरेस्टबाबतचा हक्क राखून मी ती स्वीकारते.’ सही करावीच लागली तर सहीच्या वर हेच वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

आता मूळ मुद्दा. तुमचे हेडरेस्ट बिघडले म्हणून उघडले, की ज्या कामासाठी बसवले होते ते काम करताना उघडले? सगळा खटला या एका प्रश्नावर उभा आहे.

मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते आणि डोके क्षणभर मागेच राहते. मान दुखावते ती या फरकामुळे, आणि त्याला मोठा वेग लागत नाही. डोके मागे जाण्याआधीच त्याला आधार मिळावा म्हणून ॲक्टिव्ह हेडरेस्ट पुढे झेपावतो. 1997 च्या सुमारास साब कंपनीने आणलेल्या पद्धतीत बसणाऱ्याची पाठ सीटमधल्या पट्टीवर दाबली जाते आणि तरफेने हेडरेस्ट वर-पुढे सरकतो. दाब गेला की तो सहसा आपोआप मागे जातो. तुमचा तसा नाही. उघडून दोन भाग झाले, याचा अर्थ आत ताणलेली स्प्रिंग आहे आणि ती खटक्याने अडवून ठेवलेली असते. सेन्सरने मागची धडक ओळखली की कंट्रोल युनिट विजेचा इशारा देते आणि खटका सुटतो. काही गाड्यांत स्प्रिंगऐवजी एअरबॅगसारखा छोटा स्फोटक भाग असतो. तो एकदा उडाला की तिथे दाबून बसवण्यासारखे काही उरत नाही, तो बदलावाच लागतो.

म्हणून पहिले काम म्हणजे गाडीचे मालक-पुस्तक काढून हेडरेस्टचे पान वाचणे. स्प्रिंगवाल्या कित्येक गाड्यांत तो पूर्ववत करायची रीत तिथे छापलेली असते. कुठे हाताने आधी खाली आणि मग मागे ढकलून बसवतात. कुठे उशी आणि मागचे कव्हर यांच्या फटीत घालायची खास पट्टी गाडीच्या कागदांच्या पाकिटातच दिलेली असते. बसवल्यावर अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासून घ्या, अशी सूचनाही त्याच्याच खाली सापडते. सगळ्यांनी ते पान वाचावे असे मला मनापासून वाटते, कारण तुमच्या तिन्ही प्रतिपक्षांची उत्तरे त्यात आहेत. पूर्ववत करण्याची रीत छापलेली असताना सर्व्हिस सेंटर सरसकट दोन्ही बदलायला सांगत असेल, तर कारण लेखी मागा. रीत छापलेलीच नसेल, तर ‘दाबून बसतो की’ असे कुणी म्हणाले तरी त्याला आधार उरत नाही.

दुसरे काम स्कॅनचे. उजव्या हेडरेस्टला आणखी कुणी हात लावण्याआधी अधिकृत ठिकाणी कंट्रोल युनिट स्कॅन करून घ्या आणि फॉल्ट कोडची, म्हणजे युनिटने नोंदवलेल्या बिघाडाच्या खुणांची, छापील प्रत घ्या. तिच्यावर तारीख, किलोमीटर आणि चॅसिस नंबर हवा. कोड मिटवण्याआधीची प्रत घ्या, नंतरच्या प्रतीचा उपयोग नाही. धडकेच्या इशाऱ्याने हेडरेस्ट सुटल्याची नोंद त्यात असेल तर ‘यांत्रिक बिघाड’ हा शेरा तिथेच कोसळतो. तशी नोंद नसेल तर खटका धक्क्याने निसटला, असा अर्थ निघू शकतो. बरीच वर्षे स्प्रिंगचा ताण सोसणारा भाग थकतो, आणि कंपनी त्यालाच झीज म्हणेल. तरी तो सुटला धडकेच्याच क्षणी. पॉलिसी ‘बाह्य अपघाती कारणाने’ झालेले नुकसान भरून देते, आणि अपवादाचे कलम लावायचे तर ते लागू असल्याचे सिद्ध करणे विमा कंपनीचे काम आहे. पण या दुसऱ्या परिस्थितीत तुम्हाला गाडीच्या उत्पादकालाही पक्षकार करावे लागेल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधील कलम 84 खाली सदोष उत्पादनाबद्दल त्याला जबाबदार धरता येते. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील, म्हणून दोघे ग्राहक आयोगातल्या एकाच तक्रारीत हवेत.

तुमच्या कागदांमध्ये मला सर्वात जास्त खटकला तो सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवरचा, म्हणजे गाडी आत घेताना कामाची नोंद करतात त्या कागदावरचा, एक शब्द. काउंटरवरच्या मुलाने लिहिले आहे, ‘सीट हेडरेस्ट फॉल्टी’. त्याने ते घाईत लिहिले असेल, त्याच्या मनात काही नसेल. पण सर्व्हेअरने तोच शब्द उचलून त्याचे ‘यांत्रिक बिघाड’ केले आहे. दोन्ही कागदांवरची तारीख एकच आहे, पाहा. सर्व्हिस मॅनेजरला लेखी कळवा की गाडी मागून धडक बसल्यामुळे आणली होती, धडकेतच दोन्ही हेडरेस्ट उघडले, तरी जॉब कार्डमध्ये तशी दुरुस्ती करून सही-शिक्क्याची प्रत द्यावी. माझ्याकडच्या एका जुन्या प्रकरणात जॉब कार्डवर फक्त ‘आवाज येतो’ एवढेच होते. अशिलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते, तरी त्या दोन शब्दांचा खुलासा करण्यात आमच्या तीन तारखा गेल्या.

पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत, मग हेडरेस्ट कसे उघडले, असे सर्व्हेअरने तोंडी विचारल्याचे तुम्ही लिहिता. पुढच्या एअरबॅग समोरच्या धडकेसाठी असतात. मागून बसलेल्या हलक्या धडकेत त्या बंद राहणे आणि हेडरेस्ट सुटणे, दोन्ही अगदी बरोबर आहे. हे त्याला ईमेलवर लिहा आणि उत्तरही ईमेलवरच मागा. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असतो, पण तो अंतिम शब्द नाही. विमा कंपनी किंवा विमेदार त्याला बांधील नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या निकालात स्पष्ट केले आहे.

क्लेम मान्य झाला तरी घसाऱ्यावरून, म्हणजे भाग जुना म्हणून कापायच्या रकमेवरून, रस्सीखेच होईल. पॉलिसीतले कोष्टक पाहा : रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग आणि एअरबॅग यांवर 50 टक्के कापतात. इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 35 टक्के. हेडरेस्टचे वरचे कव्हर प्लास्टिकचे दिसते म्हणून अख्खा भाग 50 टक्क्यांत टाकला जातो. आत लोखंडी सांगाडा, स्प्रिंग आणि विजेचा खटका आहे, तेव्हा वयाप्रमाणेच घसारा लावा, असा आग्रह धरा. घसारा न कापणारे ‘झिरो डेप’ ॲड-ऑन घेतले असेल तर हा वाद बहुतेक उरत नाही.

मात्र क्लेम चालू ठेवायचा की नाही, हे आधी कागदावर मांडून ठरवा. चार वर्षे क्लेम नाही, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरता त्या हप्त्यावर 45 टक्के सूट, म्हणजेच नो क्लेम बोनस. बोनस सुरक्षित ठेवणारे ॲड-ऑन नसेल तर एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. तुमच्या गाडीत हेडरेस्ट पूर्ववत करता येत असतील, स्कॅन स्वच्छ असेल आणि खर्च फक्त बंपर व तपासणीचा असेल, तर पैसे मिळण्याआधी क्लेम लेखी मागे घेणे फायद्याचे ठरू शकते. दोन्ही हेडरेस्ट बदलावेच लागणार असतील तर गणित उलटते. वकील म्हणून लढा म्हणणे मला सोपे आहे, पण आधी ही बेरीज-वजाबाकी करा.

मागच्या गाडीचा क्रमांक तुम्ही टिपून ठेवलात ते छान केलेत. त्या चालकाशी ‘आता काही देणे-घेणे नाही’ असे काही लिहून देऊ नका. तुमची कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा त्याच्याकडून वसुलीचा तुमचा हक्क तिच्याकडे जातो, आणि तो हक्क तुम्ही परस्पर सोडलात हे क्लेम नाकारायला निमित्त होते. त्याच्या विम्यातून भरपाई मागायची ठरलीच तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागेल. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्या आत जा.

राहिला मेकॅनिक. सर्व्हिस सेंटरचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. मेकॅनिकने बसवलेल्या डाव्या हेडरेस्टची हमी ते देणार नाहीत, आणि का द्यावी? पण उजव्याला फक्त हात लागला म्हणून सगळीच जबाबदारी झटकता येत नाही. मेकॅनिकच्या प्रयत्नाने नेमके काय बिघडले ते त्यांनी लेखी दाखवावे. डावा ‘टक’ असा आवाज होऊन बसला, हे तुम्ही दोनदा लिहिले आहे. खटका अडकल्याचा आवाज येणे आणि पुढच्या धडकेत तो सुटणे या निराळ्या गोष्टी आहेत. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत इशाऱ्याची वायर सुटलेली असली तरी उशी जागच्या जागी शांत बसलेली दिसेल. म्हणून माझा आग्रह एवढाच : जो कोणी ‘हे ठीक आहे’ म्हणेल, त्याने ते बिलावर लिहावे. ‘दोन्ही हेडरेस्ट तपासले, यंत्रणा कार्यरत, फॉल्ट कोड नाही’ ही ओळ, खाली सही, शिक्का आणि तारीख. ती लिहायला जो नकार देतो, त्याचे तोंडी ‘ठीक आहे’ तुम्हीही धरू नका. आणि लिहून दिल्यावर ते खोटे ठरले, तर सेवेतील उणीव आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 85 खालची सेवा देणाऱ्याची जबाबदारी, दोन्ही त्याच कागदावर उभ्या राहतात.

हेडरेस्ट बदलले गेले तर जुने भाग वाद मिटेपर्यंत फेकू देऊ नका. इन्शुरन्स कंपनी ते ताब्यात घेणार असेल तर क्रमांक दिसतील असे फोटो काढा आणि पोच घ्या. ग्राहक आयोगाला वाटले तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवता येते, पण त्यासाठी वस्तू शिल्लक हवी. गाडीत डॅशकॅम असेल तर मूळ मेमरी कार्ड काढून वेगळे ठेवा.

दाद मागायची पायरी अशी. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. नकारापासून एक वर्षाच्या आत. तिथे फी नाही आणि वकील चालत नाही, बाजू तुम्हीच मांडायची. स्कॅनची प्रत आणि दुरुस्त जॉब कार्ड हातात असेल तर तुम्हाला माझी गरजही नाही. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. उत्पादक किंवा सर्व्हिस सेंटरविरुद्ध मात्र लोकपाल काही करू शकत नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगच. तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात, ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. एकाच विषयावर दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, म्हणून स्कॅन हाती आल्यावरच दार निवडा.

गाडी विकताना हा अपघात लपवू नका. उघडलेला हेडरेस्ट दाबून बसवून काहीच झाले नाही असे भासवणे हे करार कायदा 1872 च्या कलम 17 मधल्या ‘जाणूनबुजून दडवण्या’त मोडू शकते. करारनाम्यात एक ओळ टाका, तपासणीचे बिल जोडा. बिलामुळे किंमत थोडी खाली येईलही, पण घेणाऱ्याला तेच हवे असते.

हे सगळे होईपर्यंत गाडी चालवावीच लागणार. उघडा हेडरेस्ट डोक्याला पुढे ढकलतो म्हणून तो काढून टाकावा असे वाटेल. तसे करू नका, काहीच आधार नसणे त्याहून वाईट. वायर किंवा चिकटपट्टी लावून तो दाबून धरण्याचा खटाटोपही नको. आत ताणलेली स्प्रिंग आहे आणि बोटे सापडू शकतात. सर्व्हिस सेंटरची वेळ या आठवड्यातलीच घ्या, आणि डावा हेडरेस्ट कुणी सही करून ठीक म्हणेपर्यंत आईंना मागच्या सीटवर बसवा.