जहाजाच्या पोटात शिरताना

प्रश्न : स्कूबा डायव्हिंगचा अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्स झाला आहे. तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म या बुडालेल्या जहाजावर डाइव्ह करणार आहे. होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) उजेड असतो, मग रील (परतीच्या वाटेसाठी लावायच्या दोरीचं रीळ) कशाला, असं सोबतचे म्हणतात. खरंच लागते का? – एक वाचक, पुणे

उत्तर : लागते. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडालेलं हे जहाज साधारण ३० मीटरवर तळाशी आहे. होल्डमधल्या मोटरसायकली पाहताना वर हॅचचा, म्हणजे डेकवरच्या तोंडाचा, निळा उजेड दिसतो, हे खरं. पण तुमचे बुडबुडे छताला आपटले की गंजाचे तांबूस पोपडे सुटतात, कुणाची फिन (पायातलं वल्हं) खाली लागली की गाळ उठतो, आणि मग डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. तो गाळ बसेपर्यंत थांबण्याइतकी हवा सिलिंडरमध्ये नसते.

म्हणून रीलची दोरी अशी लावा की डोळे मिटूनही हाताने बाहेर येता येईल. पहिली गाठ दाराबाहेर, मोकळ्या पाण्यात. तिथून थेट वर जाता आलं पाहिजे. दुसरी दारातून आत गेल्यागेल्या. पत्र्याची धार टाळा, दोरी घासून तुटते. वळणावर गाठ किंवा वेढा दिला नाही तर ताणलेली दोरी आतल्या कोपऱ्याकडे सरकते आणि अशा फटीत जाऊन बसते, जिथून हात जातो, माणूस जात नाही. हीच चूक सर्वांत घातक, कारण जाताना ती दिसत नाही. दोरी एका बाजूने, ताठ ठेवा. रीलवाला आत पहिला, बाहेर शेवटचा.

गाळ उठलाच तर अंगठा आणि तर्जनीचं कडं दोरीभोवती करा, दुसऱ्या हाताने बडीचा (जोडीदाराचा) दंड धरा. दोरी सुटली असेल तर पाय हलवू नका. सुट्या स्पूलची (छोट्या जादा रिळाची) दोरी जवळच्या पक्क्या वस्तूला बांधा आणि ती ताठ ठेवून, हात फिरवत मूळ दोरी शोधा.

प्रश्न : हवेचा हिशेब कसा करायचा? आणि किती आत जावं?

उत्तर : १२ लिटरचं सिलिंडर, दाराशी हवेचा दाब १७० बार (दाबाचं एकक) आहे असं धरू. वर येण्यासाठी ५० बाजूला ठेवा. उरलेल्या १२० चे तीन भाग : ४० जाताना, ४० येताना, ४० अडचणीसाठी. म्हणजे दाबाचा काटा १३० वर आला की मागे फिरायचं. ४० बार म्हणजे ४८० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २५ मीटरवर साडेतीनपट दाबामुळे ७० लागतात. जेमतेम सात मिनिटं! ज्याचा आकडा आधी येईल, त्याच्यासोबत सगळेच फिरतात.

अंतराचं म्हणाल तर खोली आणि आत शिरलेलं अंतर मिळून ४० मीटर, ही हौशी डायव्हरची हद्द. २५ मीटरवर असाल तर आत १५, तेही बाहेरचा उजेड दिसत असेपर्यंत. टॉर्च प्रत्येकी तीन. एक जरी बंद पडली तरी परत. पाय वरखाली मारू नका, गुडघे वाकवून बेडकासारखी लाथ मारा.

अ‍ॅडव्हान्स्डच्या कोर्समध्ये रील हाताळायला शिकवत नाहीत. रेक डायव्हिंगचा (बुडालेल्या जहाजांवरच्या डायव्हिंगचा) कोर्स होईपर्यंत थिसलगॉर्म बाहेरूनच पाहा. डेकवरून आणि तुटलेल्या मागच्या भागाभोवती फिरण्यातच एक अख्खी डाइव्ह जाते.