सण पाळावा की साजरा करावा?

सोलापुरातल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या चिटणिसांनी एक प्रश्न पाठवला आहे. पवित्र आठवड्याच्या उपासनांचे पत्रक तयार करताना त्यांनी ‘शुक्रवारी दुपारी १२ ते ३ या वेळेत गुड फ्रायडे साजरा करण्यात येईल’ असे लिहिले होते. पत्रक छापायला जाण्यापूर्वी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी ‘साजरा करण्यात’ या शब्दांवर आडवी रेघ मारून वर ‘पाळण्यात’ असे लिहिले आणि खाली ईस्टरच्या ओळीतही तीच दुरुस्ती केली. शुक्रवारची दुरुस्ती चिटणिसांना पटली, पण ‘ईस्टर पाळणे’ त्यांना खटकते. पाळणे म्हटले की सुतक पाळणे, बंद पाळणे असेच काही कानावर येते आणि पुनरुत्थानाच्या दिवशी ते नकोसे वाटते, असे त्यांचे म्हणणे आहे. या दोन क्रियापदांचा मूळ अर्थ काय आणि कोणत्या दिवसासाठी कोणते वापरावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी ‘साजरा’ पाहू, कारण त्याचा उलगडा सोपा आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीत साजरा म्हणजे देखणा, शोभिवंत. विदर्भात आजही चांगल्या, सुंदर वस्तूला ‘साजरं’ म्हणतात. साज, साजणे, साजेसा हे त्याचे सगेसोयरे. त्यामुळे सण साजरा करणे म्हणजे मुळात सणाला साज चढवणे, तो शोभिवंत करणे. दाराला तोरण, अंगावर नवे कपडे, घरात गोडधोड, हे सगळे त्या एका शब्दात आहे. नाताळ साजरा होतो याबद्दल कोणाचीच तक्रार नसते.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र नेमके याच्या उलट घडते. ज्यांनी गुरुवारी रात्री प्रभुभोजनाच्या उपासनेनंतर वेदी मोकळी करताना पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फुलदाण्या उचलल्या जातात, मेणबत्त्यांच्या दांड्या आत नेल्या जातात, भरतकाम केलेले पांढरे कापड चार घड्या घालून बाजूला ठेवले जाते, आणि वर्षभर झाकलेले सागवानी लाकूड, त्यावरच्या मेणाच्या गोल डागांसकट, पहिल्यांदा उघडे दिसते. काही मंडळ्यांत दुसऱ्या दिवशी तिथे काळे कापड घालतात, काही ठिकाणी वेदी तशीच उघडी ठेवतात. दुपारी एप्रिलच्या उन्हात, पंखा असूनही घामाने भिजत, लोक ३ तास बसून येशूचे वधस्तंभावरील सात उद्गार ऐकतात. दागिना उतरवून ठेवण्याच्या या दिवसाला ‘साजरा’ हे विशेषण लावणे शब्दाच्या अर्थालाच सोडून आहे. तेव्हा शुक्रवारच्या ओळीवर मारलेली रेघ योग्य आहे.

आता ‘पाळणे’. चिटणिसांच्या मनातली शंका खोटी नाही. सुतक, सोवळे, बंद, मौन, पथ्य या सगळ्यांबरोबर हे क्रियापद इतके वापरले जाते की पाळणे म्हणजे काहीतरी न करणे, असा समज सहज होतो. पण ही त्या शब्दाची एकच बाजू आहे. संस्कृत ‘पालन’ म्हणजे आधी रक्षण आणि पोषण, आणि मग आज्ञेचे, व्रताचे पालन. मराठीने दोन्ही अर्थ जपले. आपण गाय पाळतो आणि वचनही पाळतो. प्रतिपाळ, पाळीव, मेंढपाळ, इतकेच काय पाळणा, हे सगळे रक्षणाच्या बाजूचे शब्द आहेत. पाळणारा माणूस हातात काहीतरी जिवंत घेऊन बसलेला असतो आणि ते मरू नये, हरवू नये, याची काळजी करत असतो. ‘धरणे’ आणि ‘पाळणे’ यांतला फरकही याच जागी आहे. व्रत एका क्षणी धरले जाते, पण पाळावे लागते रोज, म्हणून ‘व्रत धरले, पण पाळले नाही’ हे वाक्य मराठीत सहज होते.

पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, मराठी भाषांतरात हे क्रियापद जागोजागी येते, आणि मला त्यात भाषांतरकारांचे शहाणपण दिसते. जुना करार मुळात हिब्रूत आहे, आणि तिथे ‘शामर’ नावाचा एक धातू आहे. त्याचा अर्थ राखणे, पहारा करणे, सांभाळणे आणि आज्ञा किंवा दिवस पाळणे. एदेन बागेची राखण करण्यासाठी मनुष्याला ठेवले, तिथे हाच धातू. ‘मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय?’ या काइनाच्या प्रश्नात हाच. १२१ व्या स्तोत्रात आठच वचने आहेत आणि त्यांत हा धातू सहा वेळा येतो. डुलकी न घेणारा इस्राएलाचा रक्षक तो हाच. उपासना संपताना पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, हात उंचावून ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो’ म्हणतात, तिथल्या मूळ हिब्रूतही हाच शब्द आहे. आणि शब्बाथाविषयीची, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाविषयीची, आज्ञा ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा सांगितली आहे, तिची सुरुवातही याच धातूने होते. (‘निर्गम’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात त्याच जागी ‘आठवण ठेव’ या अर्थाचा शब्द आहे.) म्हणजे देव माणसाला राखतो आणि माणूस देवाचा दिवस राखतो, या दोन्ही गोष्टी हिब्रू एकाच शब्दाने सांगते. रक्षण आणि पालन हे दोन्ही अर्थ आपल्या ‘पाळणे’त मुळातच आहेत, त्यामुळे मराठीत ही जोडणी फारशी ताण न देता उतरते.

‘अनुवाद’ पुस्तकातल्या त्याच आज्ञेत आणखी एक तपशील आहे, तो आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला लगेच कळेल. त्या दिवशी कोणी काम करू नये याची यादी देताना मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्यानंतर बैल आणि गाढव यांचीही नावे घेतली आहेत. आपल्याकडे अनेक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत आणि त्याला ‘सोमवार पाळणे’ असेच म्हणतात. तो दिवस महादेवाचा, म्हणजेच नंदीचा, ही त्यामागची श्रद्धा वेगळी आहे, पण क्रियापद तेच आहे आणि बैलाच्या वाट्याला आलेली विश्रांतीही तीच आहे. पाळणे म्हणजे नुसती मनाई नव्हे, ती कोणाच्या तरी भल्यासाठी असते, हे या वापरातून जितके स्पष्ट होते तितके कोशातून होणार नाही. ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही’ हे येशूचे वाक्य याच अंगाने वाचावे.

याच शब्दाची एक वाकडी बाजूही आहे आणि ती लपवू नये. ‘पाळत ठेवणे’ हा प्रयोग याच कुळातला. राखण करणारी नजर संशयी झाली की तिची पाळत होते. येशू शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरे करतो की काय, हे पाहण्यासाठी काही लोक टपून बसले होते, असे मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तिथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच प्रेषित पौल गलतीकरांना पत्र लिहिताना वापरतो आणि तुम्ही दिवस, महिने, काळ व वर्षे पाळता म्हणून त्यांना कळकळीने दोष देतो. टपून बसणे आणि दिवस पाळणे यांसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द असावा आणि मराठीतही पाळणे व पाळत हे शेजारी असावेत, हे मला प्रथम लक्षात आले तेव्हा मी बराच वेळ दोन्ही उतारे पुढ्यात ठेवून बसलो होतो. तेव्हा दिवस पाळण्याविषयी चिटणिसांना जी धास्ती वाटते, ती पौलालाही वाटली होती. पण ती शब्दाची चूक नाही, पाळणाऱ्याच्या नजरेची आहे. त्याच पौलाने रोमकरांना लिहिताना, दिवस पाळणारा तो प्रभूसाठी पाळतो, असेही म्हटले आहे.

‘पाळक’ हा शब्दही इथेच येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू पेत्राला कोकरे चारायला आणि मेंढरे पाळायला सांगतो, आणि त्याच शुभवर्तमानात आधी, ‘तुमची माझ्यावर प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल’ असे शिष्यांना सांगितलेले आहे. ग्रीकमध्ये या दोन ठिकाणी दोन निराळी क्रियापदे आहेत. मराठीने त्यांना एका शब्दात आणले, आणि मला हा मराठीचा लाभ वाटतो. आपल्या मंडळ्यांत ‘वचन’ म्हणजे शास्त्रातील ओळ, त्यामुळे ‘वचन पाळणे’ म्हणताच दिलेला शब्द खरा करणे आणि शास्त्रानुसार वागणे हे दोन्ही एकदमच ऐकू येते. पवित्र गुरुवारच्या इंग्रजी नावातील ‘मॉन्डी’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘आज्ञा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. एकमेकांवर प्रीती करा, ही नवी आज्ञा त्या रात्री दिली गेली. म्हणून गुरुवारी दिवसही पाळायचा असतो आणि आज्ञाही.

सोलापुरात तेलुगू आणि कानडी आपल्या भिंतीपलीकडच्या भाषा आहेत, तेव्हा त्यांच्याकडेही पाहावे. वल्हांडणाचा, म्हणजे यहुदी लोकांचा मिसरातून सुटकेच्या आठवणीचा, सण पिढ्यान्‌पिढ्या करावा, असे निर्गमच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे, तिथे मराठी ‘पाळणे’ वापरते, तर तेलुगू आणि कानडी भाषांतरे ‘आचरिंचु’, ‘आचरिसु’ ही क्रियापदे वापरतात. कानडीत एरवीही सण आचरला जातो. तो आनंदाचा की दुःखाचा, हे क्रियापदावरून ठरत नाही. (वल्हांडण हा मराठी शब्द ‘वलांडणे’, म्हणजे ओलांडणे, यावरून घेतला आहे. मूळ घटनेतही मृत्यू घरे ओलांडून गेला होता. इतका नेमका शब्द सापडणे ही भाषांतरकारांच्या कष्टाची कमाई आहे.)

आता ईस्टरची ओळ. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा यज्ञपशू आहे असे सांगून पौल लगेच सणाविषयी लिहितो, आणि तो सण जुन्या खमिराने नव्हे तर खरेपणाच्या बेखमीर भाकरीने पाळायचा आहे. मराठीत तिथे ‘पाळणे’ आहे आणि प्रसंग आनंदाचा आहे. म्हणून ‘ईस्टर पाळणे’ चूक नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या कानाला ते घरचे वाटते याचे कारण हेच. पण चिटणिसांचे ‘साजरा करणे’ही मी खोडणार नाही. त्या पहाटे वेदीवर पांढरे कापड परत येते, निशिगंध आणि मोगरा येतो, मुले नवे कपडे घालून येतात. शब्दाचा मूळ अर्थ डोळ्यांसमोर घडत असताना तो वापरायला हरकत कसली? माझा स्वतःचा कल असा, की पत्रकात शुक्रवारला ‘पाळणे’ आणि रविवारला ‘साजरा करणे’ ठेवावे, म्हणजे दोन दिवसांतला फरक वाचणाऱ्याला क्रियापदातूनच कळेल.

दोन गोष्टी आणखी. ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ असे फलक अलीकडे दिसतात, ते टाळावेत. त्या नावातील ‘गुड’चा अर्थ जुन्या इंग्रजी वापराप्रमाणे ‘पवित्र’ असा आहे, शुभेच्छा देण्याजोगा ‘शुभ’ नव्हे. मराठीत ‘उत्तम शुक्रवार’ हे नाव रुळलेले असताना तेच वापरावे. दुसरे, ‘पाळण्यात येईल’ ही सरकारी परिपत्रकाची रचना आहे. तीत पाळणारा कोण हे कळत नाही, आणि पाळणे हे क्रियापद पाळणाऱ्यावाचून पांगळे होते. शिवाय ‘मंडळी’ हा आपल्याकडे एकवचनी स्त्रीलिंगी शब्द आहे (अनेकवचन हवे तर प्रकटीकरणातल्या सात ‘मंडळ्या’ आहेत), तेव्हा कर्ता हाताशीच आहे. पत्रकातल्या ओळी मी अशा लिहिल्या असत्या:

‘शुक्रवारी दुपारी १२ ते ३ आपली मंडळी उत्तम शुक्रवार पाळील. रविवारी पहाटे आपली मंडळी प्रभूच्या पुनरुत्थानाचा सण साजरा करील.’