मित्राने तारण ठेवलेला लॅपटॉप विकता येईल का?

प्रश्न: मी पुण्यात कर्वेनगरला राहतो, खासगी नोकरी करतो. माझ्या जुन्या रूममेटला अडचणीत ४५,००० रुपये बिनव्याजी दिले, यूपीआयने. त्याने आपणहून दोन वर्षे वापरलेला लॅपटॉप माझ्याकडे ठेवला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले, ‘तीन महिन्यांत पैसे नाही दिले तर लॅपटॉप तुझा.’ मुदत उलटून दोन महिने झाले. सध्या माझी धाकटी बहीण तो कॉलेजच्या कामाला वापरते. तपकीर गल्लीतला एक दुकानदार २८,००० द्यायला तयार आहे. बिल मागितले तर मित्र म्हणतो, गावी आहे. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला स्टिकर खरवडल्याची खूणही आहे. आता तो म्हणतो, ‘इंटरव्ह्यू आहेत, लॅपटॉप दे, नाहीतर विनापरवाना सावकारीची तक्रार करतो.’ विकून मोकळा होऊ का?

उत्तर: आज विकू नका. तुम्ही जाता जाता लिहिलेली खरवडलेल्या स्टिकरची गोष्ट मला तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त काळजीची वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या बहुतेक कंपन्या कर्मचाऱ्याला लॅपटॉप देतात तेव्हा त्यावर मालमत्ता क्रमांकाचे स्टिकर चिकटवतात. नोकरी सुटली की तो परत करायचा असतो. तुमच्या मित्राचा लॅपटॉप तसला असेल, तर तो त्याचा नाहीच, आणि जे त्याचे नाही ते त्याला तारण ठेवता येत नाही. भाड्याने आणलेल्या लॅपटॉपचेही तेच. कंपनीची वस्तू परस्पर तारण ठेवणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली. तो प्रश्न मित्राचा. पण कलम ३१७ तुमच्यापर्यंत येते. वस्तू चोरीची किंवा अशा विश्वासघातातून आलेली आहे असे मानायला सबळ कारण असूनही जो ती अप्रामाणिकपणे घेतो किंवा ठेवून घेतो, त्याला हे कलम लागते. खरवडलेला स्टिकर पाहून, बिल मागून, ते न मिळताही तुम्ही लॅपटॉप विकलात, तर ‘मला काय माहीत?’ हे उत्तर पोलीस चौकीत टिकणार नाही.

तपासणे अवघड नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ असा भाग असतो. तिथे एखाद्या कंपनीचे खाते जोडलेले दिसते का पाहा. सिरियल नंबर लिहून घ्या, स्टिकरच्या जागेचा फोटो काढा. आणि मित्राला बिलाची सॉफ्ट कॉपी मागा. ऑनलाइन घेतला असेल तर बिल ईमेलमध्ये किंवा अ‍ॅपवर असते आणि मोठ्या दुकानातही नंबरवरून पुन्हा निघते, त्यामुळे ‘गावी आहे’ हे उत्तर दोन महिने चालवून घ्यायचे कारण नाही. हप्त्यांवर घेतलाय का, हेही लेखी विचारा. हप्ते बाकी असतील तर कर्ज देणाऱ्या संस्थेचा हक्क तुमच्या आधीचा असू शकतो.

लॅपटॉप कंपनीचा निघाला, तर मित्राला तो कंपनीत जमा करायला लावा आणि पोच तुमच्याकडे घ्या. तुमचे ४५,००० बुडत नाहीत. तारण गेले तरी कर्ज उभेच राहते.

आता लॅपटॉप खरोखर त्याचाच आहे असे धरू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७२ नुसार कर्जाच्या सुरक्षेसाठी वस्तू ताब्यात देणे म्हणजे तारण. त्याला मुद्रांकाचा कागद लागतोच असे नाही. वस्तू हातात आली आणि हेतू स्पष्ट असला की झाले. म्हणून तुमचे तारण पक्के आहे. ‘लॅपटॉप तुझा’ हे वाक्य मात्र तुम्हाला मालक बनवत नाही. मुदत टळून गेली तरी, वस्तू प्रत्यक्ष विकली जाईपर्यंत, पैसे भरून ती सोडवून नेण्याचा हक्क कलम १७७ मित्राला देते. तारण घेणाऱ्याने ती वस्तू स्वतःच स्वतःला विकून मालक होता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पीटीसी इंडिया फायनान्शिअल सर्व्हिसेसच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘४५,००० ऐवजी ठेवून घेतला’ हा हिशेब एकतर्फी होत नाही. मुदतीनंतर मित्राने नव्याने, लेखी, पूर्ण फेड म्हणून लॅपटॉप तुम्हाला दिला तर गोष्ट वेगळी.

बहिणीचा वापर आजच थांबवा. सराफाकडे ठेवलेले दागिने सराफाच्या घरच्यांनी लग्नाला घालून जावे, तसे हे आहे. परवानगीशिवायच्या वापरात वस्तू बिघडली तर नुकसानभरपाई तुमच्यावर येते (कलम १५४), मग बिघाडात तुमचा दोष असो वा नसो. शिवाय त्यात मित्राचे फोटो, बँकेचे कागद, पासवर्ड असतील. ते उघडून पाहिले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचा वेगळाच घोळ सुरू होईल. बहिणीने आपल्या फाइली काढून घ्याव्यात, त्याच्या कशालाही हात लावू नये. लॅपटॉप कोरड्या जागी ठेवा, बॅटरी अधूनमधून अर्धी चार्ज करा. ठेवलेल्या वस्तूची नीट काळजी घेणे ही तुमची जबाबदारी आहे.

सावकारीच्या धमकीला घाबरू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगतो. पण त्या कायद्यातले ‘कर्ज’ म्हणजे व्याजाने दिलेले. तुम्ही एका मित्राला एकदा बिनव्याजी हातउसने दिलेत. तो धंदा नाही. मात्र तुम्ही इतर कुणाला महिना तीन-चार टक्क्यांनी पैसे देत असाल, तर हे पत्र बाजूला ठेवून आधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

उलट बाजूही सांगतो. पैसे न देता मित्राने लॅपटॉप गुपचूप उचलून नेला, तर ती चोरी ठरू शकते. चोरीच्या कलमाखालच्या उदाहरणांत नेमके हेच आहे: स्वतःचे तारण ठेवलेले घड्याळ कर्ज न फेडता, समोरच्याच्या संमतीविना, अप्रामाणिकपणे नेणारा मालकसुद्धा चोर ठरतो.

तो इंटरव्ह्यूसाठी मागतोय ते मी उडवून लावणार नाही. त्याला नोकरी लागली तरच तुमचे पैसे येणार आहेत. बिल दाखवून लॅपटॉप त्याचाच असल्याचे सिद्ध झाले, तर मी तुमच्या जागी तडजोड करीन: काही रक्कम आत्ता, बाकीचे हप्ते तारखांसह सहीनिशी लिहून, आणि त्या तारखांचे चेक. चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम १३८ वापरता येते. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. नुसता दोन-तीन दिवसांसाठी द्यायचा असेल तर त्याच्याकडून आधी लिहून घ्या की हा तात्पुरता वापर आहे, अमुक तारखेला परत करीन आणि तारण कायम आहे. हे न लिहिता दिलात, तर ताब्याबरोबर तारणही गेले असे तो म्हणेल. पैसे मात्र बँकेतूनच घ्या. २०,००० आणि त्यावरच्या कर्जाची रोख परतफेड आयकर कायद्यात चालत नाही.

तो काहीच करत नसेल तर करार अधिनियमाचे कलम १७६ तुम्हाला दोन वाटा देते: लॅपटॉप जवळ ठेवून पैशांचा दावा करणे, किंवा वाजवी नोटीस देऊन तो विकणे. कायद्याने दिवस ठरवलेले नाहीत. मी पंधरा दिवस देतो. नोटिशीशिवाय विकलात, तर मित्राच्या हाती तुमच्याविरुद्ध आयते हत्यार येते. नोटिशीची मुदत संपली की दोन-तीन दुकानांकडून लेखी भाव घ्या, सगळ्यात चांगल्याला द्या आणि विक्रीच्या बिलावर सिरियल नंबर घाला. त्याआधी त्याला डेटा काढून घ्यायची संधी द्या. २८,००० आले तर उरलेले १७,००० तुम्ही मागू शकता. उद्या कुणी ५०,००० दिले, तर वरचे ५,००० त्याचे.

दाव्यासाठी पैसे दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षे धरून चला. चॅट पुसू नका, तो फोनही विकू नका. न्यायालयात चॅट दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याआधी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीसाठी अर्ज करा. तिथे कोर्ट फी लागत नाही, आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते.

आज रात्री त्याला हे पाठवा, याच शब्दांत: ‘तुझ्याकडे माझे ४५,००० रुपये येणे आहेत. लॅपटॉप तारण म्हणून माझ्याकडे सुरक्षित आहे. त्याचे बिल आणि तो तुझ्याच मालकीचा असल्याचे लेखी सात दिवसांत पाठव. ते आले की इंटरव्ह्यूसाठी काय करायचे ते बोलू.’ सात दिवसांत बिल आले नाही, तर दुकानदाराला नाही म्हणा आणि लॅपटॉप घेऊन माझ्याकडे या किंवा तुमच्या ओळखीच्या वकिलाकडे जा.